ओझोनची वाफ अंगाला, ताप छातीला

जुन्या पद्धतीच्या झेरॉक्स मशीनवर शंभर-दोनशे पानांचा गठ्ठा काढायला कधी उभे राहिला असाल, तर दुकानात हळूहळू भरत जाणारा एक तिखट, नाकाला झोंबणारा वास आठवत असेल. लोकलच्या टपावर पँटोग्राफशी ठिणगी उडते तेव्हा, वेल्डिंगच्या दुकानाजवळून जाताना, किंवा वीज कडाडून गेल्यावर पहिल्या पावसाच्या हवेत हाच वास येतो. हा वास ओझोनचा. हवेत विजेची ठिणगी पडली की थोडासा ओझोन तयार होतोच.

हाच वायू आज उपचार म्हणून विकला जातो. वर्तमानपत्राच्या घडीतून पडणारी पत्रके, मोबाईलवर फिरणारे व्हिडिओ आणि सोसायटीच्या फलकावर लागणाऱ्या जाहिराती यांमधून 'ओझोन सॉना' हा शब्द आता ओळखीचा झाला आहे. माणसाला वाफेच्या पेटीत बसवायचे, मान तेवढी बाहेर ठेवायची, आणि आतल्या वाफेत नळीने ओझोन सोडायचा. वीस-तीस मिनिटांची बैठक. दावे मात्र भरघोस: शरीरातील विषद्रव्ये बाहेर पडतात, रक्तात प्राणवायू वाढतो, सांधे मोकळे होतात, साखर उतरते, वजन घटते. काही ठिकाणी त्याही पुढे जाऊन ऑलिव्ह तेलातून बुडबुडे काढलेला ओझोन नाकाने ओढायला देतात आणि दमा, सायनस, जुना खोकला यांवर तो गुणकारी असल्याचे सांगतात.

वाचकांना दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. पेटीत बसलो तर धोका आहे का? आणि ओझोन हुंगला तर? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे, म्हणून तेच आधी देतो. ओझोन हुंगू नये. थोडासुद्धा नाही, तेलातून गाळलेला नाही, 'मेडिकल ग्रेड' असला तरी नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर जरा लांबचे आहे.

नावाचा गोडवा

प्राणवायूच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनच्या रेणूत तीन. तिसरा अणू तिथे सुखाने नांदत नाही. जे समोर येईल त्याला चिकटून मोकळे होण्याची त्याला घाई असते. रबर ओझोनमध्ये तडकते, रंग उडतो, जंतू मरतात. बाटलीबंद पाणी निर्जंतुक करायला ओझोन वापरतात तो याच गुणामुळे. बाटली आपल्या हातात येईपर्यंत त्यातला ओझोन विरून त्याचा साधा प्राणवायू झालेला असतो, म्हणून ते पाणी पिताना त्याची काळजी करण्याचे कारण नाही. पण जो वायू जंतूची भिंत फोडतो तो आपल्या श्वासनलिकेच्या नाजूक अस्तराशी वेगळे कशाला वागेल? जंतू कोणता आणि आपली पेशी कोणती, हे ओळखण्याची अक्कल त्याला नसते.

स्वित्झर्लंडमधील बाझल येथे शॉनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने १८४० च्या सुमारास हा वायू ओळखला आणि वासावरूनच त्याला नाव दिले. ग्रीक भाषेत 'ओझेइन' म्हणजे वास येणे. हा वायू हुंगला की छातीत दुखते, हे सुरुवातीच्या काळातच लक्षात आले होते. तरीही एकोणिसाव्या शतकात युरोपात एक समजूत रुजली, की समुद्राची आणि डोंगराची हवा आरोग्यदायी असते ती तिच्यातल्या ओझोनमुळे. हवा बदलायला जाणारे लोक 'ओझोन घ्यायला' जाऊ लागले. आपल्या माथेरानची वाट १८५० साली ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी शोधली, तो हाच हवापालटाचा जमाना. माथेरानला जाऊन बरे वाटते हे खरे, पण त्याचे श्रेय थंडाव्याला, धूळ-धूर नसण्याला आणि भरपूर चालण्याला. समुद्रकाठच्या ज्या वासाला लोक ओझोन म्हणत, तो तर बव्हंशी शेवाळ आणि सूक्ष्म जीवांपासून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूचा वास असतो.

मग आमच्या काळात ओझोनच्या थराची गोष्ट आली. १९८७ साली माँट्रियलचा करार झाला, १६ सप्टेंबरला ओझोन दिन साजरा होऊ लागला, आणि शाळाशाळांतून 'ओझोन वाचवा' अशी चित्रे रंगली. ते योग्यच होते. पण तो थर साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर आहे. तिथे तो सूर्याचे अतिनील किरण अडवतो, आणि तिथे श्वास घ्यायला कोणी नाही. तोच वायू आपल्या नाकाच्या उंचीवर आला की त्याची गणना प्रदूषणात होते. शाळेत शिकलेल्या चांगल्या नावाचा फायदा मात्र पत्रके छापणाऱ्यांना अजून मिळतो आहे.

एकाच गावात दोन पाट्या

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या माणसाला हे समजावायला लांबचे उदाहरण नको. हवेच्या गुणवत्तेचा जो निर्देशांक आपण बातम्यांत वाचतो, त्यात मोजल्या जाणाऱ्या आठ प्रदूषकांपैकी एक ओझोन आहे. कल्याणच्या खडकपाडा येथे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे हवा मोजण्याचे केंद्र आहे. केंद्र सरकारच्या २००९ च्या मानकांनुसार हवेत ओझोन एका घनमीटरला आठ तासांच्या सरासरीने १०० मायक्रोग्रॅम आणि एका तासाच्या सरासरीने १८० मायक्रोग्रॅमच्या वर नसावा. जागतिक आरोग्य संघटनेची आठ तासांची मर्यादाही १०० मायक्रोग्रॅमच आहे.

हा ओझोन कोणत्या धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि रंग, सॉल्व्हंट, पेट्रोल, रसायने यांच्या वाफा उन्हात एकत्र आल्या की तो तयार होतो. म्हणजे त्याला लागणारा सगळा शिधा आपल्याकडे आहे: घोडबंदर रोडची आणि शिळफाट्याची वाहतूक, डोंबिवली एमआयडीसीतील रासायनिक कारखाने, आणि मार्च ते मे महिन्यांचे ऊन. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली तेव्हा डोंबिवली त्यात होती. जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस आणि फेब्रुवारी २०२० मध्ये गुलाबी रस्ता पाहिलेल्या गावाला रसायनांची वेगळी ओळख करून द्यायला नको. २०२४ च्या उन्हाळ्यात मुंबई महानगर प्रदेशातही जमिनीलगतचा ओझोन मर्यादा ओलांडत असल्याची नोंद दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने केली आहे.

ज्या माणसाची छाती या हवेने आधीच हुळहुळी झाली आहे, ज्याचा खोकला पावसाळा संपला तरी हटत नाही, तोच 'नैसर्गिक उपचार' शोधत ओझोनच्या पेटीपाशी जातो. एका पाटीवर ज्याचा उल्लेख प्रदूषक म्हणून, दुसऱ्या पाटीवर त्याचाच उल्लेख औषध म्हणून, आणि दोन्ही पाट्या वाचणारा माणूस एकच. मला या विषयाची काळजी वाटते ती यामुळे.

छातीत नेमके काय होते

अमोनियासारखा वायू पाण्यात चटकन विरघळतो, त्यामुळे तो नाका-घशातच झोंबतो आणि माणूस आपोआप दूर पळतो. ओझोन पाण्यात फारसा विरघळत नाही. तो नाक, घसा ओलांडून फुप्फुसाच्या खोल, बारीक नळ्यांपर्यंत पोहोचतो. तिथल्या ओलाव्यातील स्निग्ध पदार्थांशी त्याची रासायनिक क्रिया होते, अस्तराला सूज येते, आणि श्वास खोल घेतला की छातीच्या मध्यभागी दुखते. खोकला, घसा खवखवणे, डोके जड होणे ही पुढची लक्षणे.

याला मात्रा किती लागते? निरोगी तरुण स्वयंसेवकांना व्यायाम करायला लावून साडेसहा तास हवेच्या दहा लाख भागांत ०.०६ ते ०.०८ भाग ओझोन असलेल्या हवेत ठेवले, तर त्यांची श्वास बाहेर सोडण्याची ताकद मोजता येण्याइतकी कमी होते, असे अमेरिकेतील प्रयोगांत दिसले आहे. 'दहा लाखांत एक भाग' याला पीपीएम म्हणतात, आणि ओझोनच्या बाबतीत ०.०५ पीपीएम म्हणजे साधारण १०० मायक्रोग्रॅम. ही तरुण, धडधाकट माणसांची गोष्ट झाली. दमेकऱ्याच्या नळ्या आधीच चिडलेल्या असतात. ओझोनने त्या धूळ, परागकण यांनाही जास्त तीव्र प्रतिसाद देऊ लागतात.

आणखी एक फसवी गोष्ट अशी, की वास थोड्या वेळाने येईनासा होतो. ओझोन गेलेला नसतो, आपले नाक सरावलेले असते. त्यामुळे 'आता वास नाही, म्हणजे ठीक आहे' या भरवशावर राहता येत नाही.

पेटीतली वाफ आणि पेटीतला ओझोन

वाफ घेणे आपल्याला नवे नाही. आयुर्वेदात स्वेदन आहे, पंचकर्म केंद्रांत वाफेची पेटी आहे, आणि तिथेही डोके बाहेरच ठेवतात. गरम वाफेने स्नायू सैलावतात, घाम येतो, अंग हलके वाटते, रात्री झोप लागते. ओझोन सॉनातून बाहेर आलेला माणूस 'फार बरं वाटलं' म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नाही. प्रश्न इतकाच, की हे बरे वाटणे वाफेचे की ओझोनचे? ओझोनची नळी बंद ठेवून त्याच माणसाला त्याच पेटीत बसवले तर काय वाटेल, याची पडताळणी पेटी विकणारे करत नाहीत. वजनाचेही तेच. काट्यावर जे कमी दिसते ते घामातून गेलेले पाणी, दोन ग्लास पाणी प्यायले की परत येते. घामातून 'विष' बाहेर काढण्याचे सांगतात, त्या कामावर मूत्रपिंडे आणि यकृत चोवीस तास नेमलेली आहेत.

ओझोन कातडीतून रक्तात जातो हा दावाही तपासून पाहू. कातडीच्या वरच्या थरात तेलकट पदार्थ असतात, आणि ओझोन त्यांच्याशी तिथल्या तिथे क्रिया करून संपतो. मूळ स्वरूपात तो खोलवर पोहोचत नाही. बर्कले येथील संशोधकांनी १९९० च्या दशकात उंदरांवर केलेल्या प्रयोगांत ओझोनमुळे कातडीच्या वरच्या थरातील ई जीवनसत्त्व खर्ची पडते असे दिसले. इटलीतील सिएना येथील वेलिओ बोच्ची हे ओझोन उपचाराचे मोठे पुरस्कर्ते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अशाच पेटीतील प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध केला. पण तो मोजक्याच निरोगी स्वयंसेवकांवर होता. मधुमेह, रक्तदाब, दमा असलेल्या आपल्या ५५ वर्षांच्या काकांना त्यातून काही हमी मिळत नाही.

आता धोक्याची जागा. मान बाहेर असते, पण मानेभोवती फट असते. तिथे टॉवेल गुंडाळतात. टॉवेल ही काही वायूरोधक वस्तू नव्हे, आणि फट असते ती नेमकी नाकाखाली वीतभर. बैठक संपल्यावर पेटीचे दार उघडले की आतला सगळा वायू खोलीत येतो. खोली लहान, एसी चालू, खिडक्या बंद. एका रुग्णानंतर दुसरा बसतो. आणि दिवसभर त्याच खोलीत उभी राहणारी मदतनीस मुलगी? तिचा विचार कोणत्याच पत्रकात नसतो.

दुधाच्या पिशवीचे गणित

ओझोन उपचारात वापरायचे मिश्रण म्हणजे सुमारे ९५ टक्के किंवा त्याहून जास्त प्राणवायू आणि उरलेला ओझोन. एका मिलिलिटरला ४० मायक्रोग्रॅम ही या क्षेत्रात नेहमी ऐकू येणारी मात्रा. आकडा किरकोळ वाटतो. पण हवेची मर्यादा घनमीटरमध्ये आहे, आणि एका घनमीटरमध्ये दहा लाख मिलिलिटर असतात. म्हणजे हे मिश्रण घनमीटरला चार कोटी मायक्रोग्रॅमचे झाले. मर्यादा १०० ची.

अर्थात ते खोलीत मिसळून पातळ होते. तेही मोजू. दहा फूट लांब, दहा रुंद, दहा उंच खोली म्हणजे सुमारे २८ घनमीटर हवा. असे मिश्रण फक्त एक लिटर, म्हणजे दुधाच्या एका पिशवीएवढे, त्या बंद खोलीत सुटले तर हवेत घनमीटरला सुमारे १,४०० मायक्रोग्रॅम ओझोन होईल. एका तासाची मर्यादा १८०. जवळजवळ आठपट. ओझोन भिंती, पडदे, कपडे यांवर आदळून हळूहळू विरतो हे खरे, पण तोवर खोलीतला माणूस श्वास घेत असतोच.

हाच हिशेब 'रक्तात प्राणवायू वाढतो' या दाव्यालाही लावता येतो. स्वस्थ बसलेल्या माणसाला दर मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू लागतो. ओझोन उपचाराच्या एका बैठकीत शरीरात सोडतात तो वायू बहुधा दीड-दोनशे मिलिलिटर. सगळाच्या सगळा रक्तात गेला असे धरले, तरी ती एका मिनिटाचीही शिधा नाही. उघड्या खिडकीशी बसून तेवढा प्राणवायू फुकट मिळतो.

ज्यांचा माल, तेच नको म्हणतात

ओझोन उपचाराचे समर्थक आणि विरोधक यांचे पुष्कळ बाबतींत पटत नाही. रक्तात मिसळून द्यावा का, सांध्यात टोचावा का, यावर वाद आहेत. पण नाकाने द्यायचा नाही, यावर वाद नाही. ओझोन उपचार करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मंडळींनी २०१० साली माद्रिद येथे एक जाहीरनामा केला आणि पुढे तो सुधारला. त्यात श्वासावाटे ओझोन देणे वर्ज्य ठरवले आहे. बोच्ची यांनीही फुप्फुसांना ओझोनपासून जपण्याचे पुन्हा पुन्हा बजावले. तेव्हा आपल्या गल्लीत कोणी ओझोन हुंगायला देत असेल, तर तो आधुनिक वैद्यकाच्या विरोधात जातोच, शिवाय स्वतःच्या पंथाच्या नियमांच्याही विरोधात जातो.

'तेलातून काढला की ओझोन सौम्य होतो' या युक्तिवादात अर्धे सत्य आहे. तेलाशी क्रिया होऊन काही ओझोन संपतो खरा. पण किती संपला आणि किती वर आला, हे त्या काचेच्या भांड्याकडे बघून कळत नाही. शिवाय त्या क्रियेतून अल्डिहाइड जातीची चिडखोर द्रव्ये तयार होतात, आणि तेलाचे सूक्ष्म थेंब फुप्फुसात गेले तर वेगळ्या प्रकारच्या न्यूमोनियाचा धोका राहतो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा नियम आणखी कडक आहे. ओझोन हा विषारी वायू असून उपचारात त्याचा कोणताही उपयुक्त वापर ज्ञात नाही, आणि जंतू मारण्याइतकी मात्रा ही माणसाला सोसवणाऱ्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त असते, असे त्यात म्हटले आहे. २०२० साली कोविडपासून बचावासाठी ओझोन देऊ करणाऱ्या डॅलस येथील एका केंद्राविरुद्ध तिथल्या सरकारने न्यायालयात धाव घेतली होती.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. ओझोनचा सगळाच वापर भोंदूपणाचा नाही. सरकलेल्या मणक्याच्या चकतीत सुईने ओझोन सोडण्याच्या पद्धतीवर बराच अभ्यास झाला आहे आणि काही रुग्णांना त्याने आराम पडतो. ते काम यंत्रावर पाहत, तज्ज्ञ डॉक्टर करतात. मधुमेहींच्या पायावरील जखमांसाठी ओझोनच्या अभ्यासांचा कॉक्रेन या संस्थेने २०१५ साली आढावा घेतला, तेव्हा तीन अभ्यासांतले मिळून २१२ रुग्ण सापडले आणि त्यावरून ठाम निष्कर्ष काढता आला नाही. भारतीय डॉक्टरांनी ६० कोविड रुग्णांवर केलेला एक छोटा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यातही ओझोन श्वासावाटे दिला नव्हता. म्हणजे जिथे आशा आहे तिथेही ती सुईच्या टोकाएवढ्या जागेत आहे. वाफेच्या पेटीला तिचा हवाला देणे म्हणजे शेजाऱ्याच्या मुलाचे मार्क आपल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात लिहिण्यासारखे आहे.

एक गाजलेला आकडा

ओझोनच्या माहितीपत्रकांत एक आकडा हमखास असतो: दुष्परिणाम फक्त ०.०००००७ टक्के. तो आला कुठून? पश्चिम जर्मनीतील ओझोन उपचारकांच्या संघटनेने १९८० साली आपल्याच व्यवसायबंधूंना प्रश्नावल्या पाठवल्या. पाठवल्या सुमारे २,८००. उत्तरे आली निम्म्याहून कमी. ५५ लाख ७९ हजार उपचारांत ४० दुष्परिणाम असा हिशेब निघाला. चाळीसला या संख्येने भागा. उत्तर येते ०.०००००७, म्हणजे दहा लाखांत सात. टक्क्यांत ते ०.०००७ होते. भागाकाराच्या उत्तरापुढे टक्क्याचे चिन्ह चिकटवले आणि धोका शंभरपट कमी झाला! ही नजरचूक एकातून दुसऱ्या पत्रकात उतरत आली आहे.

पण मला खटकते ते गणितापेक्षा वेगळेच. ज्याने उपचार दिला त्यालाच 'तुमच्या हातून किती जणांना त्रास झाला' असे विचारायचे, ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांना सोडून द्यायचे, आणि घरी जाऊन रात्री खोकत बसलेल्या रुग्णाला कोणी विचारायचेच नाही, तर आकडा छोटा येणारच.

'आधी त्रास, मग गुण'

या सगळ्यात सर्वात घातक वाक्य कोणते असेल तर हे. बैठकीनंतर खोकला वाढला, छाती भरून आली, डोके दुखले, तर सांगितले जाते की विष बाहेर पडते आहे, थांबू नका, आणखी पाच बैठका घ्या. खोकला हे ओझोनचे लक्षण आहे, हे आपण वर पाहिलेच. दमेकरी माणूस या वाक्यावर विश्वास ठेवून पुन्हा जातो. आणि बरोबरीने 'आता पंप बंद करा, त्याची सवय लागते' असा सल्ला मिळाला, तर धोका दुप्पट होतो. पंप, इन्सुलिन, रक्तदाबाच्या गोळ्या, क्षयाची औषधे यांतले काहीही कोणत्याही पेटीच्या भरवशावर बंद करू नये. अशा औषधांच्या बदल्यात पेटी देणाऱ्याच्या दारातून परत फिरावे.

कर्करोग, मधुमेह, अर्धांगवायू अशा ठरावीक आजारांवर खात्रीशीर इलाज असल्याची जाहिरात करणे हा १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्याखाली गुन्हा आहे. असे पत्रक हाती आले तर ते रद्दीत न टाकता अन्न व औषध प्रशासनाच्या ठाणे कार्यालयाकडे द्यावे.

घरातली यंत्रे

कोविडच्या काळात पुष्कळ घरांत ओझोनची छोटी यंत्रे आली. कोणी भाज्या धुण्यासाठी घेतली, कोणी खोली निर्जंतुक करण्यासाठी. अशा यंत्रावर बहुधा 'तासाला ४०० मिलिग्रॅम' असे लिहिलेले असते. मघाच्याच दहा बाय दहाच्या खोलीत ते अर्धा तास चालले तर २०० मिलिग्रॅम ओझोन, म्हणजे घनमीटरला सुमारे ७,००० मायक्रोग्रॅम. त्यातला नऊ दशांश विरला असे धरले तरी उरलेला मर्यादेच्या चौपट भरतो. वन रूम किचनच्या घरात, झोपलेल्या बाळाच्या खोलीत, असे यंत्र चालवणे योग्य नाही. लिंबाच्या किंवा पाइनच्या वासाच्या फरशी पुसण्याच्या द्रवाशी ओझोनचा संबंध आला की फॉर्मल्डिहाइडही तयार होते. भाज्यांना वाहते पाणी आणि चोळणारा हात पुरतो.

कोणी पेटीकडे फिरकूच नये

दमा किंवा सीओपीडी असलेले, क्षयाने फुप्फुस खराब झालेले, हृदयविकारी, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांनी ओझोनच्या पेटीत बसू नये. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना तर साध्या वाफेतूनही उठताना चक्कर येऊ शकते. मे महिन्यातल्या ठाण्याच्या दमट हवेत हा धोका वाढतो. ज्यांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचे द्रव्य जन्मतः कमी असते, त्यांच्यासाठी ओझोन उपचार स्वतः समर्थकांनीच वर्ज्य मानला आहे, कारण त्यांच्या पेशी फुटू शकतात. ही कमतरता आपल्याकडे पारशी समाजात बरीच आढळते, इतरांतही असते, आणि बहुतेकांना ती आपल्याला आहे हे माहीतही नसते.

ज्यांना वाफ घ्यायचीच आहे त्यांनी साधी वाफ घ्यावी, ओझोनची नळी बंद करून. केंद्रचालकाने 'मग उपयोग काय?' असे विचारले, तर खोलीतल्या हवेतला ओझोन मोजणारे यंत्र कुठे लावले आहे, उरलेला वायू कुठे सोडला जातो आणि उपचार देणाऱ्याचा वैद्यकीय नोंदणी क्रमांक काय, हे आपणही त्याला विचारावे.

आणि चुकून ओझोन छातीत गेलाच, तर त्या खोलीतून लगेच उघड्या हवेत यावे, स्वस्थ बसावे, जिने चढू नयेत, दमेकऱ्याने आपला पंप घ्यावा. खोकला थांबत नसेल, धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर १०८ ला फोन करावा, किंवा कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर, जे जवळ असेल ते गाठावे. फुप्फुसात पाणी साठण्याचा त्रास कित्येक तासांनी, मध्यरात्रीही सुरू होऊ शकतो आणि पहिल्या तासांत काढलेला एक्स-रे अगदी स्वच्छ दिसू शकतो. म्हणून तपासणाऱ्या डॉक्टरांना 'मी आज ओझोन घेतला होता, इतक्या वाजता, इतका वेळ' हे न लाजता, न विसरता सांगावे. त्यांनी रात्रभर थांबायला सांगितले तर थांबावे.